बार न काढता टिपलेले सावज

वन्यप्राण्यांचे छायाचित्रण शिकाऱ्यांनी सुरू केले. वाऱ्याची दिशा पाहून बसणे, माग काढणे, सावजाला चाहूल लागू न देता पाणवठ्यावर रात्र काढणे ही विद्या एकोणिसाव्या शतकातल्या स्टुडिओवाल्या छायाचित्रकारांकडे नव्हती. अडचण होती ती यंत्राची. ओली काच जागच्या जागी धुवावी लागे, म्हणजे अंधारखोलीचा तंबूही बरोबर न्यावा लागे. १८८०च्या दशकात तयार कोरड्या काचा सहज मिळू लागल्या आणि शिकाऱ्याच्या सामानात कॅमेऱ्याला जागा झाली. सुरुवातीला त्याचे काम एवढेच, की मारलेल्या जनावराशेजारी उभ्या असलेल्या शिकाऱ्याचे चित्र घ्यायचे.

जिवंत जनावराकडे कॅमेरा वळवणाऱ्यांत अमेरिकेतील जॉर्ज शिरास (१८५९–१९४२) हे ठळक नाव. हा पेनसिल्व्हेनियाचा वकील लहानपणापासून लेक सुपीरियरजवळच्या व्हाइटफिश तळ्यावर हरणांच्या शिकारीला जात असे. तिथल्या ओजिब्वे लोकांची एक जुनी रीत होती. रात्री होडीच्या नाळेवर जाळ पेटवायचा आणि आवाज न करता काठाकाठाने सरकत राहायचे. पाण्यावर आलेले हरीण उजेडाकडे टक लावून पाहत थिजते. अंधारात त्याचे दोन डोळे चमकतात आणि नेम त्यांच्या रोखाने धरला जातो. शिरास यांनी १८८९च्या सुमारास कॅमेरा हाती घेतला आणि पुढे हीच रीत जशीच्या तशी उचलली. फरक इतकाच, की शेवटच्या क्षणी बंदुकीऐवजी मॅग्नेशियमच्या भुकटीचा बार उडे. जनावराच्या वाटेवर तार ताणून त्यालाच स्वतःचे चित्र काढायला लावण्याची युक्तीही त्यांनी वापरली. तार म्हणजे सापळेवाल्यांचे जुने हत्यार.

१९००च्या पॅरिस प्रदर्शनात या रात्रीच्या चित्रांना सुवर्णपदक मिळाले. जुलै १९०६च्या ‘नॅशनल जिओग्राफिक’ने त्यांची ७४ छायाचित्रे एकाच अंकात छापली, तेव्हा नियतकालिकाचे चित्रपुस्तक होत चालल्याची तक्रार करत संचालक मंडळातील दोघांनी राजीनामे दिले. वाचकांना मात्र ती चित्रे आवडली, आणि त्या नियतकालिकाची पुढची वाट तिथेच ठरली असे म्हणायला हरकत नाही.

त्याच सुमारास जर्मन शिकारी कार्ल गेओर्ग शिलिंग्स पूर्व आफ्रिकेत सिंहांची रात्रीची चित्रे घेत होता. १९०५च्या त्याच्या पुस्तकाच्या नावातच ‘फ्लॅशलाइट’ आणि ‘रायफल’ शेजारी शेजारी आहेत. सिंह यावा म्हणून तो बैल बांधून ठेवी. कॅमेरा आला म्हणून रक्त सांडायचे थांबले, असे या काळाबद्दल कोणी म्हणू नये.

भारतात ही विद्या पक्की केली ती वनाधिकारी फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन यांनी. संयुक्त प्रांतात, शिवालिकच्या पायथ्याच्या जंगलांत त्यांची नेमणूक होती. पहिल्या महायुद्धात सैनिक म्हणून काम केलेल्या या माणसाला हौसेखातर जीव घेणे आवडत नसे. वाघ ठरावीक पायवाटांनी फिरतो हे शिकारी जाणत होतेच. चॅम्पियन यांनी त्या वाटांवर तारा लावल्या आणि १९२५मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये रानातल्या मोकळ्या वाघाची चित्रे झळकली. १९२७मध्ये त्यांचे पुस्तक आले. ही चित्रे शेजारी ठेवून पाहताना त्यांच्या ध्यानात आले, की प्रत्येक वाघाच्या पट्ट्यांची नक्षी वेगळी असते आणि तिच्यावरून तोच वाघ पुन्हा ओळखता येतो. या निरीक्षणाचे मोल कळायला मात्र आणखी सहा-सात दशके जावी लागली.

चॅम्पियन यांची चित्रे पाहून जिम कॉर्बेट यांनीही कॅमेरा धरला. त्यांना हलते चित्र हवे होते, पण सिने-कॅमेऱ्याच्या घरघरीने वाघ बुजत. अखेर त्यांनी जंगलातल्या एका ओहोळावर छोटे बांध घातले आणि पडत्या पाण्याच्या आवाजात यंत्राचा आवाज बुडवून टाकला. ही अक्कल नरभक्षकांच्या मागावर आयुष्य घालवलेल्या माणसालाच सुचावी.

मराठीत गोळीनेही सावज टिपतात आणि कॅमेऱ्यानेही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात हौशी शिकारीचे दिवस संपले आणि दुसरा अर्थच वापरात उरला. १९९०च्या दशकात उल्लास कारंत यांनी कर्नाटकातील नागरहोळे येथे स्वयंचलित कॅमेरे लावून पट्ट्यांवरून वाघ मोजले. तारेची जागा आता अदृश्य किरणाने घेतली होती. २०१८च्या देशव्यापी गणनेत ताडोबा-मेळघाटसह २६,८३८ ठिकाणी कॅमेरे होते. त्यांत सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रे जमली. वाघांची त्यांतली ७६,६५१.

अमेरिकेत शिकार कायदेशीरच राहिली, त्यामुळे तिथे हे यंत्र शिकाऱ्यांच्याच हाती राहिले. हंगामाआधी झाडाला कॅमेरा बांधायचा, कोणता नर कधी येतो ते पाहायचे आणि चित्रे मित्रांना दाखवायची. त्यांत हरणांबरोबर रॅकून येतात, एखादे अस्वल येते, कधी शेजाऱ्याचा कुत्राही. पण ॲरिझोनासारख्या कोरड्या राज्यात पाणवठे थोडे, आणि एकेका पाणवठ्याभोवती कॅमेऱ्यांची गर्दी होऊ लागली. जनावराला सुटायला जागाच उरत नाही, अशी तक्रार शिकाऱ्यांमधूनही आली. १ जानेवारी २०२२पासून त्या राज्याने शिकारीसाठी असे कॅमेरे वापरायला बंदी घातली.