दहापर्यंत मोजेन, मग बोल

२४ ऑक्टोबर १९७२. वॉशिंग्टनमध्ये, 'पोस्ट'च्या पाचव्या मजल्यावर तुम्ही वार्ताहर कार्ल बर्नस्टीनच्या खुर्चीमागे उभे आहात. टाइपरायटरचा खडखडाट, सिगारेटचा धूर, आणि पान सोडायची वेळ जवळ आलेली. खिशातल्या मोबाइलला इथं रेंज कुठली!

बातमी जड आहे. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या निवडणूक समितीच्या गुप्त निधीवर हुकूम चालवणारा पाचवा माणूस म्हणजे त्यांचा उजवा हात, बॉब हॉल्डेमन. समितीचे माजी खजिनदार ह्यू स्लोन यांनी ग्रँड ज्युरीपुढे तशी साक्षही दिलीय, असं कच्च्या मजकुरात आहे. संपादक बेन ब्रॅडली उलटतपासणी घेतात: काय विचारलंत? तो नेमकं काय म्हणाला?

आणखी एक दुजोरा हवा. न्याय खात्यातला वकील तोंड उघडायला राजी नाही. मग बर्नस्टीन शक्कल लढवतो: मी दहापर्यंत मोजतो, बातमीत खोट असेल तर त्याआधी फोन ठेव, लाइनवर राहिलास तर बातमी पक्की.

एक, दोन, तीन... पलीकडून चकार शब्द नाही. दहा! बर्नस्टीनचा चेहरा उजळतो.

अरे, त्या वकिलानं उलटं ऐकलंय! तुम्हाला ओरडावंसं वाटतं, पण तुमचा आवाज इथं पोचत नाही. रॉसलिनच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये बर्नस्टीनचा जोडीदार वार्ताहर वुडवर्ड याला गुपचूप माहिती देणारा माणूस एफबीआयमधला दोन नंबरचा अधिकारी मार्क फेल्ट आहे, हेही तुम्हाला ठाऊक आहे. जगाला कळायला २००५ उजाडेल. नाव झाकलं म्हणून सूत्र कच्चं ठरत नाही. पण गप्प बसण्यालाच कबुली मानायची? हा डाव फार तर पत्त्यांच्या अड्ड्यावर चालावा.

दुसऱ्या दिवशी स्लोन यांचे वकील कॅमेऱ्यापुढे साफ सांगतात: अशी साक्ष दिलेलीच नाही. व्हाइट हाउसचे प्रवक्ते रॉन झिगलर पेपरला झोडपून काढतात. दोघे वार्ताहर राजीनाम्याची भाषा करू लागतात. ब्रॅडली मात्र बातमीवर ठाम असल्याचं निवेदन काढतात. आता तो नकार नीट ऐका. वकील साक्ष नाकारतोय. निधीवर हॉल्डेमनचा हात नव्हता, असं म्हणत नाहीये.

वार्ताहर पुन्हा स्लोन यांना गाठतात, तेव्हा उलगडा होतो. ज्युरीनं त्यांना हॉल्डेमनबद्दल विचारलंच नव्हतं.