शववाहिका, पोलीस गाडी आणि पिट्सबर्गचे पहिले पॅरामेडिक

४ नोव्हेंबर १९६६. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात निवडणूक प्रचाराची सभा भरली होती. डेव्हिड लॉरेन्स भाषण करत होते. ते शहराचे माजी महापौर आणि पेनसिल्व्हेनिया राज्याचे माजी गव्हर्नर; त्या शहरात त्यांच्याइतका वजनदार माणूस दुसरा नव्हता. बोलता बोलता ते कोसळले. हृदय थांबले होते. सभेस आलेल्या एका परिचारिकेने तत्काळ प्रथमोपचार सुरू केले. नंतर पोलिसांची गाडी आली. हादरे खाणाऱ्या त्या गाडीत ते उपचार नीट चालू राहणे शक्य नव्हते. रुग्णालयात हृदय पुन्हा धडधडू लागले, पण मधल्या काळात मेंदूला प्राणवायू मिळाला नव्हता. लॉरेन्स शुद्धीवर आलेच नाहीत. २१ नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले.

माजी गव्हर्नरांना नेण्यास पोलिसांची गाडी का आली? कारण दुसरे काही अस्तित्वातच नव्हते.

त्या काळच्या अमेरिकेत रुग्णवाहिका हा कोणाचाच व्यवसाय नव्हता. देशातील जवळजवळ निम्मी रुग्णवाहिका सेवा अंत्यविधीचे व्यावसायिक चालवत. माणसाला आडवे झोपवता येईल एवढी लांब गाडी गावात केवळ त्यांच्याकडे असे. एकच गाडी सकाळी जखमी माणसाला आणि संध्याकाळी शवपेटीला वाहून नेई. यातील हितसंबंधांचा विरोधाभास त्या काळी कोणाला फारसा खटकला नाही, हे नवलच. मोठ्या शहरांत हे काम पोलिसांकडे होते. दोन शिपाई येत, रुग्णाला कापडी स्ट्रेचरवर टाकत, स्ट्रेचर गाडीच्या मागच्या भागात सरकवत आणि दोघेही पुढे जाऊन बसत. मागे रुग्णाजवळ कोणीही नसे.

वास्तविक हा धडा युरोपने पावणेदोनशे वर्षांपूर्वीच गिरवला होता. फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या युद्धांत जखमी सैनिक लढाई संपेपर्यंत रणांगणावरच पडून राहत, कारण उपचारांच्या गाड्या सैन्याच्या बऱ्याच मागे ठेवण्याचा नियम होता. दोमिनिक लारे या तरुण शल्यचिकित्सकाने १७९२ पासून घोड्यांच्या हलक्या गाड्या थेट रणभूमीवर नेण्यास आरंभ केला. जखम ज्याची गंभीर, त्याच्यावर उपचार आधी, मग तो सेनापती असो वा साधा शिपाई, हा त्याचा दंडक होता. आज रुग्णालयाच्या आपत्कालीन कक्षात ‘मी आधी आलो, मग त्याला आधी का घेतले?’ अशी वादावादी होते. तिचे उत्तर लारेच्या या नियमात आहे.

सैन्याने हे शिकून घेतले. नागरी जीवनाने नाही. १९६६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंवर एक अहवाल प्रसिद्ध केला. आदल्या एका वर्षात १,०७,००० माणसे अपघातांत दगावल्याची नोंद त्यात होती. दोन्हीकडचा अनुभव असलेल्या तज्ज्ञांचा हवाला देऊन अहवाल सांगत होता की, गंभीर जखमी माणसाची जगण्याची शक्यता शहरातील रस्त्यापेक्षा युद्धभूमीवर अधिक आहे.

लॉरेन्स यांच्यावर उपचार करणाऱ्यांत डॉ. पीटर सफार होते. व्हिएन्नात जन्मलेले हे भूलतज्ज्ञ. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून घसा बंद होतो, डोके मागे कलवून हनुवटी उचलली की श्वासमार्ग मोकळा होतो, आणि तोंडाने दिलेला श्वास त्याला जगवू शकतो, हे त्यांनी १९५० च्या दशकात स्वयंसेवकांवरील प्रयोगांतून सिद्ध केले होते. आज जिला सीपीआर म्हणतात, त्या पद्धतीच्या जडणघडणीत त्यांचा वाटा मोठा. त्याच १९६६ मध्ये त्यांची स्वतःची लहान मुलगी दम्याच्या तीव्र झटक्याने गेली होती. हृदय थांबल्यावर चार-सहा मिनिटांतच मेंदूची हानी सुरू होते, हे त्यांना ठाऊक होते. मग रुग्णालयात कितीही निष्णात डॉक्टर असले तरी काय उपयोग? उपचार रुग्णाच्या दारापर्यंत पोहोचले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. प्रश्न होता तो माणसांचा.

ही माणसे मिळाली ‘हिल डिस्ट्रिक्ट’मध्ये. पिट्सबर्गची ही कृष्णवर्णीयांची वस्ती. बेरोजगारी प्रचंड, आणि पोलिसांशी संबंध कमालीचे ताणलेले. इथे आजारी पडलेल्या माणसापुढचा पेच नीट समजून घ्यायला हवा. छातीत कळ आली आणि फोन केला, तर दारात येणार पोलीस. ते वेळेवर येतील का, कसे वागतील, याचा भरवसा नाही. म्हणून अनेक जण फोन करणेच टाळत. ‘थोडे थांबून पाहू’ हा निर्णय वैद्यकीय अज्ञानातूनच होतो असे आपण सहज धरून चालतो. हिल डिस्ट्रिक्टमध्ये त्यामागे अनुभव होता.

फिलिप हॅलन हे एका धर्मादाय निधीचे प्रमुख होते आणि पूर्वी त्यांनी स्वतः रुग्णवाहिका चालवली होती. ‘फ्रीडम हाउस एंटरप्रायझेस’ ही संस्था त्याच वस्तीतील कृष्णवर्णीयांना रोजगार मिळवून देण्यासाठी झटत होती. या दोघांची सफार यांच्याशी गाठ पडली आणि १९६७ मध्ये ‘फ्रीडम हाउस’ रुग्णवाहिका सेवेचा पाया घातला गेला. भरती झालेल्या तरुणांत कोणी शाळा अर्ध्यावर सोडलेले, कोणी व्हिएतनाममधून परतलेले, कोणी तुरुंगवास भोगलेले. शहराने ज्यांना ‘नोकरीस अपात्र’ ठरवले होते, त्यांना सफार यांनी सुमारे ३०० तासांचे प्रशिक्षण दिले: शरीररचना, हृदयक्रिया, जखमांची निगा आणि प्रत्यक्ष शस्त्रक्रियागृहातील अनुभव. गाड्याही त्यांनीच नव्याने आखून घेतल्या. रुग्णाच्या डोक्याशी बसून काम करता येईल अशी जागा तीत होती. पोलीस गाडीत नेमकी हीच जागा रिकामी असे.

१९६८ मध्ये गाड्या रस्त्यावर आल्या. पहिल्याच वर्षी साडेपाच हजारांहून अधिक हाका आल्या आणि सुमारे २०० जीव या सेवेमुळे वाचल्याचा अंदाज बांधला गेला. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर हिल डिस्ट्रिक्ट पेटले, तेव्हाही या गाड्या थांबल्या नाहीत. गंमत म्हणजे काही काळातच शहरातील सधन गोऱ्या वस्त्यांतून तक्रारीचा सूर उमटू लागला: सर्वांत गरीब वस्तीला मिळते ती सेवा आम्हाला का नाही? पोलीस आपल्याकडे आलेल्या हाका फ्रीडम हाउसकडे सोपवण्यास राजी नसत. तेव्हा हे तरुण पोलिसांच्या बिनतारी यंत्रणेवरील संदेश ऐकून स्वतःच घटनास्थळी पोहोचत.

१९७४ मध्ये डॉ. नॅन्सी कॅरोलिन या तरुण डॉक्टर वैद्यकीय संचालक म्हणून आल्या. त्या पथकांबरोबर स्वतः रस्त्यावर उतरत. देशभरातील पॅरामेडिकांसाठी केंद्रीय परिवहन खात्याचा जो प्रमाण अभ्यासक्रम त्यांनी सिद्ध केला, तो घडला याच वस्तीत.

आणि तरीही १९७५ च्या ऑक्टोबरमध्ये फ्रीडम हाउस बंद झाले. महापौर पीटर फ्लॅहर्टी यांच्या प्रशासनाने शहराची स्वतंत्र सेवा उभारली. जुन्या कर्मचाऱ्यांना सामावून घ्यावे हा कॅरोलिन यांचा आग्रह कागदोपत्री मान्य झाला. मग नव्या परीक्षा आल्या, गुन्ह्याची जुनी नोंद असलेल्यांना मनाई आली, अनुभवी माणसे कमी अनुभवी गोऱ्या सहकाऱ्यांच्या हाताखाली आली. एकेक करून बहुतेक जण बाहेर पडले. जॉन मून हे टिकून राहिलेल्या मोजक्यांपैकी एक, आणि ते पुढे त्याच सेवेत वरिष्ठ पदापर्यंत पोहोचले. बाकीच्यांची नावे शहराच्या स्मरणातून कित्येक दशके पुसली गेली होती.

भारतात हाच पेच वेगळ्या वेषात उभा होता. इथे मदतीला जाणाऱ्याला भीती होती ती कायद्याची. स्कूटरवरून जाणाऱ्या एका माणसाला भरधाव मोटारीने उडवले. वाटेवरच्या एकाने त्याला जवळच्या रुग्णालयात नेले. ‘ही मेडिको-लीगल केस आहे’ म्हणून तिथे उपचार नाकारण्यात आले आणि सुमारे २० किलोमीटर दूरच्या दुसऱ्या रुग्णालयाचा रस्ता दाखवण्यात आला. जखमी वाटेतच गेला. या बातमीच्या आधारे परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २८ ऑगस्ट १९८९ च्या निकालात न्यायालयाने बजावले की, डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणे हे त्याचे पहिले कर्तव्य आहे आणि पोलिसांचे सोपस्कार त्याच्या आड येऊ शकत नाहीत. आधार होता राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चा, म्हणजे जीविताच्या हक्काचा.

कोलकात्याजवळ १९९२ मध्ये रेल्वेतून पडलेल्या हकीम शेख या शेतमजुराला मात्र एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले. कारण एकच: खाट शिल्लक नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना २५,००० रुपयांची भरपाई देवविली आणि पैशांची चणचण ही सबब सरकारला सांगता येणार नाही, असे स्पष्ट केले.

१०८ क्रमांकाची सेवा २००५ मध्ये हैदराबादेत सुरू झाली. महाराष्ट्रात ती २०१४ मध्ये आली. आपत्कालीन वैद्यक ही स्वतंत्र विशेष शाखा म्हणून भारतात मान्य झाली तीही २००९ मध्येच. म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने बहुतेक आयुष्य अशा काळात काढले, जेव्हा रात्री-अपरात्री हाक मारण्याजोगा क्रमांकच नव्हता. ‘ॲसिडिटी असेल’, ‘सकाळी पाहू’ ही घराघरांतली वाक्ये त्या काळाचा वारसा आहेत. छातीत दाटून येणारी कळ, अचानक वाकडे झालेले तोंड, लुळा पडलेला हात, अडखळणारी जीभ, न थांबणारा रक्तस्राव, श्वास घेताना शब्द न फुटणे, सर्पदंश: यांत सकाळपर्यंत थांबणे नाही. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांतच देता येते, आणि तेही तपासणीत रक्तस्राव नसल्याची खात्री झाल्यावर. घरातून निघण्यास लागलेला वेळ त्यातूनच वजा होतो.

मदत करणाऱ्याच्या मनातील पोलिसांची धास्ती मात्र १९८९ नंतरही गेली नाही. ती दूर करण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये शिक्कामोर्तब केले आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आले. अपघातग्रस्ताला सद्हेतूने रुग्णालयात पोहोचवणाऱ्यावर, त्यातून काही अघटित घडले तरी, दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. आपले नाव सांगायचे की नाही, हेही त्यानेच ठरवायचे असते.