बीजाक्षर : गुप्त संकेत ते सार्वजनिक उच्चार
(गणपती अथर्वशीर्षाच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

मंत्राला अर्थ असतो काय, हा भारतीय परंपरेतील प्राचीन वादविषय आहे. मंत्र अर्थहीन आहेत, हे कौत्साचे मत यास्काने निरुक्तात मांडून खोडून काढले. तांत्रिक वाङ्मयातील बीजाक्षरांनी या वादाला निराळे वळण दिले. ह्रीं, श्रीं, क्लीं, गं या एकाक्षरांना कोशगत अर्थ नाही. तथापि ती देवतेची ध्वनिरूपे होत, अशी साधकांची धारणा आहे. ती गुरुमुखातूनच ग्रहण करावीत, असा तंत्रग्रंथांचा दंडक होता. त्यांपैकी एक अक्षर सामुदायिक पठणात कसे आले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजाची घडण

वैदिक ओंकार आणि सामगानातील स्तोभ ही बीजाक्षरांची पूर्वरूपे म्हणता येतील. तंत्रांनी त्यांना व्यवस्थित शास्त्राचे रूप दिले. ह, र, ई आणि बिंदू मिळून ह्रीं हे बीज सिद्ध होते. मात्र ग्रंथांत ते बहुधा सरळ न लिहिता संकेताने सांगितले जाते. उदाहरणार्थ, 'र' या वर्णासाठी अग्निवाचक शब्द योजतात. अशा संकेतांतून मंत्र सिद्ध करण्याला 'मंत्रोद्धार' म्हणतात. लक्ष्मणदेशिकांचे शारदातिलक आणि महीधराचा मंत्रमहोदधि (इ. स. १५८८ च्या सुमारास) या ग्रंथांत ही पद्धती विस्ताराने आढळते.

विधीतील विनियोग

बीजाचा केवळ उच्चार पुरेसा मानलेला नाही. मंत्राचा ऋषी, छंद व देवता यांचे स्मरण करून न्यास करावयाचा असतो. षडंगन्यासात 'गं' हे बीज गां, गीं, गूं, गैं, गौं, गः अशी रूपे घेऊन हृदय, शिर, शिखा, कवच, नेत्र व अस्त्र या स्थानी स्थापले जाते. भूतशुद्धीत 'यं' या वायुबीजाने देहाचे शोषण, 'रं' या अग्निबीजाने दहन आणि 'वं' या जलबीजाने आप्लावन झाल्याची भावना केली जाते. त्यापुढे पुरश्चरण येते. त्यात जप, होम, तर्पण, मार्जन व ब्राह्मणभोजन अशी क्रमाने दशांशाची मांडणी असते.

अथर्वशीर्षातील 'गं'

गणपती अथर्वशीर्ष हे उत्तरकालीन उपनिषद असून काही अभ्यासक त्याची रचना १६ व्या किंवा १७ व्या शतकातील मानतात. त्यातील मंत्रोद्धार दोन टप्प्यांत येतो. प्रथम संकेत दिले आहेत : 'गणादि' म्हणजे ग, 'वर्णादि' म्हणजे अ, त्यानंतर अनुस्वार व अर्धचंद्र आणि 'तार' म्हणजे प्रणव. लगेच पुढे गकार, अकार, अनुस्वार व बिंदू यांची स्पष्ट फोड केली आहे. म्हणजे ग्रंथ कुलूप दाखवितो आणि किल्लीही हाती देतो. विशेष म्हणजे, हे अथर्वशीर्ष अशिष्यास देऊ नये, अशी ताकीदही त्याच ग्रंथाच्या फलश्रुतीत आहे.

महाराष्ट्रातील गणेशभक्तीत ही ताकीद मागे पडली. आज अथर्वशीर्ष घरोघरी म्हटले जाते आणि पुण्यात दगडूशेठ हलवाई गणपतीसमोर ऋषिपंचमीच्या पहाटे हजारो स्त्रिया त्याचे सामुदायिक पठण करतात. अनेक तंत्रांनी स्त्रियांना व शूद्रांना दीक्षेचा अधिकार दिला होता. धर्मशास्त्राने मात्र त्यांना वेदपठण नाकारले होते. उपनिषद म्हणून मान्यता पावलेल्या आणि आशयाने तांत्रिक असलेल्या या ग्रंथाचे स्त्रियांनी केलेले जाहीर पठण म्हणूनच या दोन्ही चौकटींच्या पलीकडे जाते.

निष्कर्ष

बीजाक्षराची गुप्तता केवळ ध्वनीत नव्हती. ती दीक्षा, न्यास व पुरश्चरण यांच्या चौकटीतही होती. सार्वजनिक पठणात ध्वनी सर्वांचा झाला, ती चौकट मात्र मोजक्या उपासकांपुरती राहिली. याकडे केवळ परंपरेचा ऱ्हास म्हणून पाहणे एकांगी ठरेल. मंत्राचा अधिकार कोणाला, या जुन्या प्रश्नाला समाजाने ग्रंथाबाहेर, आपल्या आचरणातून दिलेले हे उत्तर आहे.