वनाधिकाऱ्याची दुचाकी

सायकलीचे कूळ जंगलखात्यातल्या माणसापासून सुरू होते, हे आपल्या सिंदेवाहीकरांना ठाऊक असायला हवे. जर्मनीतील बाडेन संस्थानचा वनाधिकारी कार्ल द्राइस १२ जून १८१७ रोजी मानहाइमहून लाकडी दुचाकीवर निघाला. तिला पायडल नव्हते. जमिनीला पाय रेटीत जायचे. तरी सुमारे सात किलोमीटर जाऊन गडी तासाभरात परत! अर्थात सडक चांगली होती. पायडल १८६० नंतरचे, डनलॉपचा हवेचा टायर १८८८ चा.

आपल्या जिल्ह्याने तर याहून मोठी फेरी काढली. आनंदवनच्या बाबा आमट्यांच्या हाकेसरशी डिसेंबर १९८५ मध्ये शंभरावर तरुण-तरुणी कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलींनी निघाल्या. बाबांना पाठीच्या दुखण्याने बसवत नसे. ते गाडीत पडून बरोबर होते.

आमच्या वैनगंगेच्या खोऱ्यात हमरस्ता सोडला की मोटारीचा त्रास संपतो. चढावर मी उतरून चालतो, त्यात लाज कसली? भीती निराळीच आहे. सायकल चालते मुकाट्याने, आणि रान वाघाचे. ब्रह्मपुरी वनविभागात वाघाच्या हल्ल्यांत माणसे गेली आहेत. मोहफुलांच्या दिवसांत पहाटे निघणारी पोरे भेटली, की मी त्यांना थांबवतो. ऊन वर येऊ द्या, दोघेतिघे मिळून जा, बोलत जा. घंटी नसलेली सायकल मी तरी रानात नेत नाही.