जॉयस्टिकचं कूळ

आमच्या लहानपणी तिला 'रिमोट' म्हणत. ज्याच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम असे, त्याच्याकडे दोन रिमोट असत आणि त्यातला एक हमखास बिघडलेला. पाहुण्या मुलाच्या हातात नेमका तोच यायचा. कॅसेट चालेना की तिच्यात फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. दुकानदार रिमोटला जॉयस्टिक म्हणायचा, आता भाचेमंडळी कंट्रोलर म्हणतात. घरात काहीही म्हणा, चालतं. पण हीच वस्तू बोटीतून बंदरात उतरली की तिला एकच नाव चालतं, आणि ते आठ आकडी असतं.

माझा एक शाळूसोबती न्हावा शेव्याला क्लिअरिंगचं काम करतो. एकदा त्याच्या टेबलावर 'गेमिंग अ‍ॅक्सेसरीज' असा मथळा असलेली पॅकिंग लिस्ट पडली होती. मी म्हटलं, माल सगळा एकाच जातीचा दिसतोय, तुझं काम हलकं झालं. तो हसला. "गेमिंग हा शब्द खोक्यावर असतो रे, टॅरिफमध्ये नसतो."

मग त्याने पेन्सिल घेतली आणि एकेका ओळीपुढे आकडे मांडत गेला. हेडफोन ८५१८. गेमिंगची खुर्ची ९४०१, म्हणजे बसायचं आसन. पाठीला रेसिंग कारसारखे लाल पट्टे असले तरी आसनच. रंगीत दिवे लुकलुकणारा कीबोर्ड ८४७१, कॉम्प्युटरच्या घरात. एचडीएमआय केबल ८५४४, विजेच्या तारांत. शेवटी राहिले दोन गेमपॅड, एकाच कारखान्यातले, दिसायला जुळे. त्यातला कन्सोलसाठी बनवलेला ९५०४ मध्ये गेला आणि पीसीसाठी बनवलेला पुन्हा ८४७१ मध्ये.

"जुळ्या भावांची आडनावं वेगळी?" मी विचारलं.

"एक दत्तक गेलाय," तो म्हणाला.

दत्तकविधानाची ही वही फार जुनी. पूर्वी प्रत्येक देशाची जकातीची यादी स्वतंत्र असे, त्यामुळे एका देशाचे आकडे दुसऱ्याशी जुळत नसत. ते जुळावेत म्हणून १९१३ च्या डिसेंबरात ब्रुसेल्समध्ये एक करार झाला. त्यात जगभरचा सगळा व्यापार १८६ बाबींत आणि पाच गटांत बसवला होता: जिवंत जनावरं, खाणंपिणं, कच्चा माल, तयार माल आणि सोनं-चांदी. खेळणी अर्थातच तयार मालात. १९३७ मध्ये राष्ट्रसंघाने जिनिव्हाला आणखी तपशीलवार यादी केली, आणि महायुद्धानंतर पुन्हा ब्रुसेल्सनेच सूत्रं घेतली. १९५० चा करार १९५९ मध्ये लागू झाला.

त्या ब्रुसेल्स यादीतलं ९७ वं प्रकरण खेळण्यांचं होतं आणि त्यात ९७.०४ नावाचं एक शीर्षक होतं. घरात, टेबलावर आणि जत्रेत खेळायच्या खेळांचं साहित्य तिथे येई. बिलियर्डची टेबलं तिथे, आणि कंसात आवर्जून नोंदवलेलं टेबल टेनिसचं सामानही तिथेच. यादी लिहिणाऱ्यांना व्हिडिओ गेम स्वप्नातही दिसला नसेल. पण १९७२ मध्ये अमेरिकेत मॅग्नाव्हॉक्स कंपनीने राल्फ बेअर यांच्या कल्पनेतून 'ओडिसी' हे टीव्हीला जोडायचं यंत्र बाजारात आणलं, आणि त्यावर लोक खेळत काय होते, तर टेबल टेनिस. त्याच वर्षी अटारीचा 'पाँग' आला, तोही टेबल टेनिसच. लाकडी बॅट आणि सेल्युलॉइडचा चेंडू ज्या घरात आधीपासून राहत होते, त्याच घराच्या दारात हा प्रकाशाचा चेंडू येऊन उभा राहिला. ओडिसीबरोबर खेळायला एक बंदूकही मिळे, वेगळे पैसे मोजून. सुट्या विकल्या जाणाऱ्या गेमिंगच्या सामानाची वंशावळ तिथून मांडायला हरकत नाही.

आज चालतो तो वर्गीकरणाचा साचा, हार्मोनाइज्ड सिस्टिम, १९८३ मध्ये ठरला आणि १ जानेवारी १९८८ ला लागू झाला. भारताने तो १९८६ मध्येच उचलला होता. पहिले सहा आकडे जगभर सारखे; पुढचे ज्या त्या देशाचे. खेळणी आता ९५ व्या प्रकरणात आली. टेबल टेनिस शेजारच्या ९५०६ मध्ये, खेळाच्या मैदानाकडे, निघून गेलं. ९५०४ मध्ये मात्र व्हिडिओ गेमला पहिल्यांदा स्वतःची खोली मिळाली: ९५०४.१०, 'टीव्ही संचाबरोबर वापरायचे व्हिडिओ गेम'.

वाक्य चोख होतं, फक्त आयुष्य कमी होतं. साचा लागू होऊन दीड वर्ष होतं न होतं तोच निन्टेन्डोचा 'गेम बॉय' आला. त्याचा पडदा त्याच्या पोटातच. टीव्हीशी त्याला काही देणंघेणं नाही. त्यामुळे जगातला सर्वांत लाडका व्हिडिओ गेम बरीच वर्षं 'इतर' या अडगळीच्या खोलीत राहिला. सरकारी भाषेत 'इतर' म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको. २०१२ ची सुधारणा आली तेव्हा टीव्हीची अट गेली आणि ९५०४.५० ही नवी खोली उघडली: व्हिडिओ गेमचे कन्सोल आणि यंत्रं, पडदा बाहेरचा असो की आतला. नाणं टाकून चालणारी यंत्रं तेवढी ९५०४.३० मध्ये वेगळी राहिली.

इथे एक शब्द तपासून बघावासा वाटतो. इंग्रजीतून आपल्याकडे आलेला 'टॅरिफ' मुळात अरबी 'तारीफ'चा भाऊबंद आहे. त्या अरबी शब्दाचा अर्थ ओळख करून देणं, व्याख्या करणं. एक फांदी इटलीमार्गे युरोपात गेली आणि दरपत्रक झाली. दुसरी फारसीतून आपल्याकडे आली आणि स्तुती झाली. कस्टमच्या हापिसात कुणी कुणाची तारीफ करत नाही, पण दिवसभर व्याख्याच चालते.

व्याख्येवरून भांडण किती रंगू शकतं हे प्लेस्टेशन-२ ने दाखवलं. ते २००० च्या नोव्हेंबरात युरोपात आलं. कॉम्प्युटरवर तिथे आयातकर शून्य होता, कारण १९९६ चा माहिती तंत्रज्ञान करार. व्हिडिओ गेमवर दोनेक टक्के होता. दोन टक्के ऐकायला किरकोळ, पण लाखो नगांवर मोजा. सोनीचं म्हणणं, हा कॉम्प्युटरच आहे. त्याला पुरावा काय? युरोपातल्या खोक्यात एक डेमो डिस्क मिळे आणि तिच्यात 'याबेसिक' नावाची प्रोग्रॅमिंगची सोय होती. पोरांनी बेसिक शिकावं ही कळकळ त्यामागे किती होती आणि कराची काळजी किती, हे वाचकांनीच ठरवावं. युरोपीय आयोगाने २००१ मध्ये नियम काढून हा व्हिडिओ गेम असल्याचं जाहीर केलं. सोनी कोर्टात गेली, आणि ३० सप्टेंबर २००३ ला लक्झेंबर्गच्या न्यायालयाने तो नियम रद्द केला. पण कशासाठी? आयोगाने वर्गीकरणाचं चुकीचं कलम लावलं म्हणून. त्यामुळे यंत्र कॉम्प्युटर ठरलं असं काही झालं नाही, आणि पुढे ब्रिटिश कोर्टातही सोनीच्या पदरात परतावा पडला नाही. मला स्वतःला निकाल पटतो. सोफ्यावर आडवं पडून जे चालवतात त्याला कॉम्प्युटर म्हणायला जीभ रेटत नाही. गंमत म्हणजे १९८३ मध्ये जपानात निन्टेन्डोने आपल्या कन्सोलचं नावच 'फॅमिली कॉम्प्युटर' ठेवलं होतं.

आता कन्सोलचं ठरलं, पण जॉयस्टिकचं काय? तिला स्वतःची ओळ नाही. तिची सोय ९५ व्या प्रकरणाच्या तिसऱ्या टीपेत आहे: या प्रकरणातल्या वस्तूंसोबत केवळ किंवा मुख्यत्वे वापरण्याजोगे भाग आणि जोडसामान त्या वस्तूंच्याच खात्यात धरावं. म्हणजे जॉयस्टिकचं नाव कन्सोलच्या रेशनकार्डावर. कन्सोलची केस, गेमची कार्ट्रिज, स्टिअरिंग व्हील हीदेखील त्याच कार्डावरची माणसं. कन्सोलला जोडता येणारा कीबोर्ड, माऊस किंवा हार्ड डिस्क मात्र नाही. त्यांचं कार्ड यंत्रांच्या विभागात आधीच निघालेलं आहे. गेमची डिस्कही वेगळ्या बिऱ्हाडात, ८५२३ मध्ये. पाच रंगीत बटणांची, एकही तार नसलेली ती प्लास्टिकची गिटार आठवते? ती वाद्यांच्या ९२ व्या प्रकरणात शोभली असती, पण कन्सोलशिवाय तिच्यातून सूरच निघत नाही. म्हणून ती इथली.

सगळा गोंधळ 'मुख्यत्वे' या एका शब्दात आहे. जुन्या कन्सोलची पिन सहसा दुसऱ्या कशात शिरत नसे, त्यामुळे प्रश्न क्वचितच पडे. २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० आला आणि त्याचा कंट्रोलर यूएसबीने पीसीलाही जोडता येऊ लागला. आज बहुतेक गेमपॅड दोन्ही घरी जेवतात. मग मुख्य घर कुठलं? मित्र म्हणतो, "खोकं वाच, कॅटलॉग वाच, बटणांवर काय छापलंय ते बघ. त्रिकोण-चौकोन-फुली-गोल असेल तर वाद कशाला?" आणि खरंच बरोबरीत सुटलं तर नियम ३ (ग) आहे, ज्याची मला फार मौज वाटते: दोन शीर्षकं सारखीच लागू होत असतील तर आकड्यात शेवटी येणारं धरावं. ९५ वं प्रकरण ९७ च्या यादीत जवळपास शेपटाशी. तिथे शेवटी बसण्याचा असा फायदा.

भारतात हा फक्त शब्दांचा खेळ नाही. २०१८ च्या अर्थसंकल्पात ९५०४ वरचं मूळ सीमाशुल्क १० वरून २० टक्के झालं. माहिती तंत्रज्ञान कराराची व्याप्ती २०१५ मध्ये वाढली, पण त्या दुसऱ्या पंगतीला भारत बसला नाही. पहिल्या करारात मात्र आपण आहोत, त्यामुळे ८४७१ मध्ये शून्य. एकाच साच्यातून निघालेल्या दोन गेमपॅडांत वीस टक्क्यांचं अंतर! जीएसटी त्यावर निराळा. कन्सोलवर तो आधी २८ टक्के होता, २०१८ च्या डिसेंबरात परिषदेने १८ वर आणायचं ठरवलं. मित्राचं यावर एकच भाष्य: "घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. हेडिंग फिरलं की बिल ऑफ एंट्री फिरतं." आयातदार मोहात पडतात ते इथेच, आणि दंड भरतात तोही इथेच. गेमपॅड मागवणाऱ्या छोट्या दुकानदारांना माझं एवढंच सांगणं, की पुरवठादाराने इन्व्हॉइसवर टाकलेला आकडा डोळे मिटून उतरवू नका. तो त्याच्या देशाचा, त्याच्या सोयीचा असतो.

राहता राहिलं निन्टेन्डोचं. ही कंपनी १८८९ मध्ये क्योटोत सुरू झाली ती फुलांच्या चित्रांचे हनाफुदा पत्ते बनवायला. पत्त्यांचं शीर्षक ९५०४.४०. शंभरेक वर्षं खपून, पत्त्यांपासून कन्सोलपर्यंत पोचून, हार्मोनाइज्ड सिस्टिमच्या हिशेबात ही कंपनी एक ओळ खाली सरकली. वरच्या ओळीत आपलीही माणसं आहेत. सावंतवाडीची गंजिफा परदेशी पाठवायची झाली, तर शिपिंग बिलावर लिहावं लागतं ९५०४ ४० ००.