माराकानासो

माराकानासो ही १६ जुलै १९५० रोजी ब्राझीलमधील रियो दि जानेरो येथील माराकाना मैदानावर झालेल्या फुटबॉल सामन्याला रूढ झालेली संज्ञा आहे. तिचा अर्थ साधारणपणे ‘माराकानाचा आघात’ असा होतो. १९५० च्या फिफा विश्वचषक स्पर्धेतील या निर्णायक सामन्यात उरुग्वेने यजमान ब्राझीलचा २–१ असा पराभव करून विश्वविजेतेपद मिळवले. मैदानावरील खेळापेक्षाही, विजय गृहीत धरून आलेल्या प्रेक्षकांच्या अनुभवामुळे हा सामना अधिक स्मरणात राहिला आहे.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धामुळे १९४२ व १९४६ च्या विश्वचषक स्पर्धा होऊ शकल्या नाहीत. १९५० च्या स्पर्धेचे यजमानपद ब्राझीलला मिळाले. त्यासाठी माराकाना मैदानाचे बांधकाम १९४८ मध्ये सुरू झाले व जून १९५० मध्ये त्याचे उद्घाटन झाले. स्पर्धेत १३ संघांनी भाग घेतला. भारतही स्पर्धेस पात्र ठरला होता व त्याचा समावेश स्वीडन, इटली आणि पेराग्वे यांच्या गटात झाला होता. परंतु ऐनवेळी भारताने माघार घेतली. अनवाणी खेळण्यास परवानगी नसल्याने भारत गेला नाही, ही लोकप्रिय समजूत आहे. मात्र सरावासाठी अपुरा वेळ व संघनिवडीतील मतभेद ही कारणेही त्या काळी देण्यात आली होती.

या स्पर्धेत अंतिम सामन्याची तरतूद नव्हती. गटविजेते चार संघ, म्हणजे ब्राझील, उरुग्वे, स्वीडन व स्पेन, यांच्यात साखळी पद्धतीने लढती झाल्या. ब्राझीलने स्वीडनला ७–१ व स्पेनला ६–१ असे नमवले. स्पेनविरुद्धच्या सामन्यात विजय निश्चित होताच माराकानातील प्रेक्षकांनी कार्निव्हलमधील एक लोकप्रिय गीत सामूहिकपणे गायले. उरुग्वेने मात्र स्पेनशी २–२ अशी बरोबरी साधली होती व स्वीडनला ३–२ असे कसेबसे हरवले होते. त्यामुळे शेवटच्या लढतीत ब्राझीलला केवळ बरोबरीही पुरेशी होती.

सामन्यापूर्वीचे वातावरण

सामन्यापूर्वीच ब्राझीलमध्ये विजयोत्सवाचे वातावरण निर्माण झाले होते. एका वृत्तपत्राने ब्राझीलच्या संघाचे छायाचित्र विश्वविजेते म्हणून छापले. उरुग्वेचा कर्णधार ओब्दुलियो वारेला याने त्या अंकाच्या प्रती विकत घेऊन आपल्या सहकाऱ्यांना दाखवल्या, असे सांगितले जाते. सामना सुरू होण्यापूर्वी केलेल्या भाषणात रियोच्या महापौरांनीही ब्राझीलच्या खेळाडूंना विजेते म्हणूनच संबोधले. सामन्याची १,७३,८५० तिकिटे विकली गेली. प्रत्यक्ष उपस्थिती दोन लाखांच्या आसपास होती, असा अंदाज आहे. ब्राझीलमध्ये दूरचित्रवाणी सेवा अद्याप सुरू झाली नव्हती. त्यामुळे उर्वरित चाहत्यांनी सामन्याचे वर्णन रेडिओवर ऐकले.

सामना

पूर्वार्ध गोलशून्य राहिला. मध्यंतरानंतर लगेचच, ४७ व्या मिनिटाला, फ्रियासाने ब्राझीलचा गोल केला. ६६ व्या मिनिटाला आल्सिदेस गिज्जियाने उजव्या बगलेतून दिलेल्या चेंडूवर हुआन आल्बेर्तो स्कियाफिनोने बरोबरी साधली. या निकालानेही ब्राझील विजेता ठरणार होता. ७९ व्या मिनिटाला गिज्जिया पुन्हा उजवीकडून पुढे आला. तो पहिल्याप्रमाणेच चेंडू मध्यभागी देईल, या अपेक्षेने गोलरक्षक मोआसिर बार्बोसा किंचित पुढे सरकला. गिज्जियाने मात्र जवळच्या खांबाकडील मोकळ्या जागेतून थेट गोल केला. त्यानंतर मैदानावर पसरलेली शांतता हा या सामन्याच्या जवळजवळ प्रत्येक वर्णनाचा भाग झाली आहे.

फिफाचे अध्यक्ष ज्यूल्स रिमे हे गुणसंख्या १–१ असताना पारितोषिक समारंभाच्या तयारीसाठी आसनावरून उठले होते. ते मैदानावर पोहोचले तेव्हा नियोजित समारंभ होण्याजोगी स्थिती उरली नव्हती. त्यांनी गर्दीतच वारेलाच्या हाती चषक सोपवला. विजयानंतरची रात्र आपण रियोतील मद्यालयांत दुःखी ब्राझिली चाहत्यांच्या सोबतीत घालवली, असे वारेलाने पुढे सांगितले.

परिणाम

पराभवाचा दोष प्रामुख्याने बार्बोसा, बिगोदे व जुवेनाल या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंवर ठेवण्यात आला. त्या काळातील उत्तम गोलरक्षकांपैकी एक मानल्या जाणाऱ्या बार्बोसाला हा ठपका आयुष्यभर सहन करावा लागला. १९९३ मध्ये राष्ट्रीय संघाच्या सराव शिबिरास भेट देण्यासाठी गेला असता त्याला प्रवेश नाकारण्यात आला. ब्राझीलमध्ये कमाल शिक्षा तीस वर्षांची असताना आपण पन्नास वर्षे शिक्षा भोगत आहोत, अशी खंत त्याने व्यक्त केली होती. २००० मध्ये त्याचे निधन झाले.

ब्राझीलचा तत्कालीन पांढरा गणवेश अपशकुनी मानला जाऊ लागला. १९५३ मध्ये नव्या गणवेशासाठी एका वृत्तपत्राने स्पर्धा घेतली. उरुग्वेच्या सीमेलगतच्या गावात जन्मलेल्या आल्दिर गार्सिया श्ली या तरुणाची रचना तीत निवडण्यात आली. आज जगभर ओळखला जाणारा पिवळा सदरा त्यातूनच आला.

वारसा

पराभवाच्या दिवशी नऊ वर्षांच्या पेलेने आपल्या वडिलांना रडताना पाहिले व त्यांना विश्वचषक जिंकून देण्याचे वचन दिले, असे त्याने नमूद केले आहे. १९५८ मध्ये स्वीडन येथे ब्राझीलने प्रथमच विश्वचषक जिंकला. पेले त्या संघात होता. २०१४ मध्ये ब्राझील पुन्हा यजमान असताना उपांत्य सामन्यात जर्मनीकडून ७–१ असा पराभूत झाला, तेव्हा १९५० ची आठवण पुन्हा निघाली.

२००९ मध्ये माराकाना मैदानावर गिज्जियाच्या पाऊलठशांना स्थान देऊन ब्राझीलने त्याचा सन्मान केला. १६ जुलै २०१५ रोजी, सामन्याला बरोबर ६५ वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, त्याचे निधन झाले. या सामन्यात खेळलेल्या खेळाडूंपैकी हयात असलेला तो शेवटचा होता.

हेही पहा

फिफा विश्वचषक १९५०
ब्राझील फुटबॉल संघ
उरुग्वे फुटबॉल संघ
पेले