दूरस्थ अभियांत्रिकी प्रयोगशाळा

उपकरणापासून दूर असलेल्या विद्यार्थ्यास ते आंतरजालाद्वारे चालविता यावे, त्याची मापने घेता यावीत व त्यायोगे अभियांत्रिकीतील प्रात्यक्षिक कौशल्य आत्मसात करता यावे, यासाठी केलेली व्यवस्था. ही आभासी प्रयोगशाळेहून भिन्न होय. आभासी प्रयोगात यंत्राचे गणितीय सदृशीकरण पडद्यावर दिसते; दूरस्थ प्रयोगात यंत्र खरे असते, चालविणारा मात्र दूर असतो. त्यामुळे घर्षण, उष्णताव्यय, मापनातील त्रुटी इ. वास्तव अडचणींना त्याला तोंड द्यावेच लागते.

यंत्रविद्या यंत्राजवळ उभे राहूनच शिकण्याची परंपरा जुनी आहे. सोलापुरात १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी सुरू झाली. गिरण्यांतील नवे कामगार बहुधा जॉबर वा अनुभवी कामगार यांच्या हाताखाली काम शिकत. मुंबईत १८८७ मध्ये स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटने अशा शिक्षणास संस्थात्मक रूप दिले. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने कारखान्यातील प्रशिक्षणाला कायद्याची चौकट लाभली. सोलापुरात १९८३ मध्ये वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले व जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना पदवी शिक्षणाची सोय गावातच उपलब्ध झाली. तथापि आधुनिक उपकरणे महाग असतात व लवकर कालबाह्य होतात. एका उपकरणाभोवती अनेक विद्यार्थी उभे राहिले, तर त्यांतील बहुतेकांच्या वाट्याला केवळ पाहणे येते.

या अडचणीवर आंतरजालाने एक मार्ग दाखविला. अमेरिकेतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात १९९४ मध्ये एक यांत्रिक बाहू आंतरजालावरून कोणालाही चालविता येईल अशी सोय करण्यात आली. १९९८ मध्ये मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये अर्धसंवाहक प्रयुक्तींची मापने दुरून घेण्याची प्रयोगशाळा विद्यार्थ्यांना खुली झाली.

भारतात २००९ मध्ये सुरू झालेल्या माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे राष्ट्रीय शिक्षण अभियानात आभासी प्रयोगशाळांचा प्रकल्प हाती घेण्यात आला. त्यातील बहुसंख्य प्रयोग सदृशीकरणाचे असले, तरी काही खऱ्या उपकरणांवरही चालत. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत विकसित झालेली एकफलक तापक प्रणाली हे याचे बोधप्रद उदाहरण आहे. तीत धातूची एक पट्टी तापकाने तापते व पंख्याने निवते; संवेदक तिचे तापमान मोजतो. विद्यार्थी आपली नियंत्रणरीती संगणकात लिहितो आणि ती दूरच्या पट्टीवर पारखतो. जाळ्यातील विलंब हाही येथे अभ्यासाचा विषय ठरतो. पवईतील असे उपकरण सोलापूरच्या विद्यार्थ्यालाही रात्री-अपरात्री वापरता येणे शक्य होते, हे या पद्धतीचे खरे सामर्थ्य होय.

२०२० मध्ये कोरोना साथीमुळे महाविद्यालये बंद झाली, तेव्हा या साधनांची उपयुक्तता सर्वांना पटली. त्याबरोबर मर्यादाही उघड झाल्या. नियंत्रण, मापन व विदाविश्लेषण दुरून शिकविता येते. परंतु कानशीचा दाब, लेथवरील कापाचा आवाज, सैल झालेल्या जोडणीची जाणीव ही हाताकानांनीच येतात. वीजपुरवठा व आंतरजालाची जोडणी खात्रीची नसल्यास दूरची प्रयोगशाळा असून नसल्यासारखी होते.

यासाठी दूरस्थ प्रयोग हा कर्मशाळेला पूरक मानावा, पर्याय मानू नये. त्याच्या आधारे स्थानिक उपकरणांवरील खर्च टाळला, तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या विद्यार्थ्याला संधीऐवजी केवळ प्रमाणपत्र मिळण्याचा धोका संभवतो.